बेटावरील वारसास्थळाचे स्वागत केंद्र: अजिंठ्याच्या पायथ्याची पार्श्वभूमी

मुंबईजवळच्या घारापुरीसारख्या (एलिफंटा) बेटावर जाणाऱ्या पर्यटकांसाठी स्वागत केंद्र उभारायचे तर ते कोठे आणि कशासाठी, हा विषय मराठवाड्याला परका नाही. वेरूळचे २९ क्रमांकाचे धुमार लेणे आणि घारापुरीचे मुख्य शैव लेणे यांच्या आराखड्यांतील साम्य अभ्यासकांनी अनेकदा नोंदवले आहे. शिवाय पर्यटकाला वारसास्थळापासून दूर थांबवून, माहिती देऊन मगच पुढे सोडण्याचा एक मोठा प्रयोग अजिंठ्याच्या पायथ्याशी झालेला आहे.

सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे घाटाखालचे मुक्कामाचे जुने ठिकाण. तेथील मुघलकालीन सराई याची साक्ष देते. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी लेणी पाहिल्यानंतर चित्रकार आणि संशोधक याच परिसरात उतरू लागले. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली चित्रांच्या जतनासाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्या काळी येणारे पाहुणे मोजके होते. युनेस्कोने १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ यांना जागतिक वारसा यादीत घेतल्यानंतर मात्र गर्दी हीच जतनाची मुख्य अडचण होऊन बसली.

ही अडचण पहिल्या लेण्यात उभे राहिले की कळते. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि गाभाऱ्याच्या डावीकडे हाती निळे कमळ घेतलेला पद्मपाणी हळूहळू दिसू लागतो न लागतो तोच मागची रांग पुढे रेटते. माती, तूस आणि गवत यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन ही चित्रे काढली आहेत. माणसांच्या श्वासातली वाफ आणि वाहनांचा धूर हे दोन्ही त्यांना घातक. म्हणूनच जपानच्या कर्जसाहाय्यातून १९९० च्या दशकात सुरू झालेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पात खासगी वाहने सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी पॉइंटवर अडवून तेथून बसने लेण्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था झाली. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील हा सर्वात शहाणपणाचा निर्णय होता.

दुसऱ्या टप्प्यात तेथेच १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य अभ्यागत केंद्र बांधले गेले आणि ते २०१३ मध्ये खुले झाले. पर्यटकाने चित्रे तेथे निवांत पाहावीत आणि मूळ लेण्यांवरील ताण कमी व्हावा, हा हेतू अगदी योग्य होता. परंतु काही वर्षांतच वीज आणि पाण्याच्या थकबाकीमुळे केंद्राला कुलूप लागले. बांधकामाला कर्ज मिळाले, पण रोजच्या खर्चाला कायमचा धनी मिळाला नाही, ही गोष्ट मराठवाड्याच्या जिव्हारी लागणारी आहे.

बेटावर तर हा रोजचा खर्च आणखी जड होतो. घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली तीच २०१८ मध्ये. बांधकामाचे सामान बोटीनेच न्यावे लागते आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्यांचा भरवसा नसतो. त्यामुळे तिकीट, माहितीदालन, प्रतिकृती आणि सामानघर यांची जागा मुंबईच्या बाजूला, बोटीत बसण्यापूर्वीच असायला हवी. तासाभराच्या प्रवासात पर्यटकाला लेण्यांचा विषयही समजावून सांगता येईल. बेटावर धक्का ते पायऱ्या या वाटेवर सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार एवढेच ठेवावे, आणि ते चालवण्याचे काम शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्याच वस्त्यांतील रहिवाशांकडे, देखभालीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात बांधून, सोपवावे.