काळ्या-पांढऱ्या घरांचा घोळ: खरा लाकडी सांगाडा आणि ‘मॉक ट्यूडर’

इंग्लंड फिरून आलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये हा फोटो हमखास असतो: पांढरी भिंत, तिच्यावर लाकडाच्या काळ्या पट्ट्या, आणि सोबत ‘शेक्सपिअरच्या काळातलं घर’. शॉटरी गावातल्या अ‍ॅन हॅथवेच्या, म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोच्या, घरासमोर उभं राहून हे म्हटलं तर ठीक; त्याचा सगळ्यात जुना भाग 1463 सालचा आहे. पण लंडनच्या उपनगरातल्या तशाच दिसणाऱ्या घराला बहुधा जेमतेम शंभर वर्षं झालेली असतात. ते ‘मॉक ट्यूडर’, म्हणजे ट्यूडर राजांच्या काळातल्या (15वं-16वं शतक) घरांची नक्कल.

मुद्दा एकच: भार कोण पेलतंय? खऱ्या घरात लाकूड पेलतं. सुतार ओक वाळवत बसत नसे, ओलं लाकूड तासायला सोपं. आपल्या आवारात अख्खी चौकट जमिनीवर जुळवायची, सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सगळं उकलून जागेवर नेऊन उभं करायचं. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत, आणि वरून ओकचीच खुंटी. चेशरमधल्या लिटल मोर्टन हॉलवर मागाहून एक लांबलचक दालन आणि दगडी लाद्यांचं छप्पर चढवलं, तर त्या ओझ्याने सगळा वाडा पिळवटला. नुसत्या चिकटवलेल्या फळ्यांचं असं कधी होत नाही.

चौकटीतल्या भिंती म्हणजे चक्क आपला कोकणातला कुड. कारवीच्या जागी हेझल या झुडपाच्या फांद्या विणायच्या आणि माती, शेण, पेंढा यांनी लिंपायचं. लिंपण पडलेलं असेल तर वाकून नीट बघा. वरच्या आडव्या लाकडाच्या पोटात ओळीने भोकं दिसतील, खालच्याच्या पाठीवर सलग खाच. दांडक्याचं टोक आधी वरच्या भोकात घालायचं, मग खालचं टोक खाचेतून सरकवत जागेवर आणायचं. ही भोकं दिसली की माझी तरी शंका फिटते.

‘मॉक ट्यूडर’ला एवढा वेळ द्यायची गरज नाही. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या घरांचं वेड लागलं आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उपनगरांत अशा घरांच्या रांगा उठल्या. भिंत विटांची, दर्शनी बाजूला फळ्या ठोकलेल्या. त्या उपटल्या तरी घराला पत्ता लागणार नाही.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. जुना ओक बहुधा तसाच करडा सोडत किंवा त्यालाही चुना फासत; काळाकुट्ट रंग ही बऱ्याच अंशी व्हिक्टोरियन, म्हणजे 19व्या शतकातली हौस. लाकडाच्या वयावरूनही फसायला होतं. लंडनमधलं लिबर्टी हे दुकान 1924 सालचं, पण त्याचं लाकूड ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांचं आहे.

आणि उलटी फसवणूकही आहेच. 18व्या शतकात लाकडी घर जुनाट वाटू लागलं, तेव्हा अनेकांनी पुढून विटांचा मुखवटा चढवला. ससेक्समधल्या लुइस गावात तर विटांसारख्या दिसणाऱ्या कौलांनी मढवलेल्या भिंती आहेत. रस्त्यावरून घर पक्कं विटांचं वाटतं. सांगाडा बघायचा तर माळ्यावर चढावं लागतं.