‘सांग, मी करतो’ म्हटल्याने आईचं ओझं का उतरत नाही

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची जातात ८८. आधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. तफावत मोठी आहेच, पण या आकड्यांत जे मावतच नाही ते मला जास्त अस्वस्थ करतं.

या सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंतच्या दर अर्ध्या तासात काय केलं, याची नोंद घेतात. डोंबिवलीहून सीएसएमटीला निघालेल्या आईचा लेडीज डब्यातला तास तिथे ‘प्रवास’ म्हणून जमा होतो. त्या तासात उभ्या उभ्या तिच्या डोक्यात काय चालू असतं? धाकट्याचा खोकला वाढलाय, पाळणाघरातल्या ताईंना औषधाची वेळ सांगायची राहिली. गुरुवारी शाळेत पांढरे कपडे हवेत. कामवाल्या मावशी उद्या येणार नाहीत. पाऊस असाच राहिला तर शाळा लवकर सुटेल, मग व्हॅनमधून उतरणाऱ्या मुलीला घ्यायला खाली कोण जाईल? हे सगळं कामच आहे, पण ‘प्रवासा’च्या त्या नोंदीत ते दिसत नाही.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१९ मध्ये या कामाची फोड केली. त्यांच्या मांडणीत चार टप्पे आहेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते नीट पार पडलं का यावर नजर ठेवणं. निर्णयाच्या टप्प्यावर बहुतेक नवरे हजर होते. कोणती शाळा, कोणते डॉक्टर, यावर दोघांचं बोलणं व्हायचं. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडे होता. या दोन टप्प्यांना सुरुवात-शेवट नसतो आणि ते दिसतही नाहीत. आपल्याकडचं लसीकरण घ्या. डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत होतो, दुसरा पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान. लस टोचायला पाच मिनिटं लागतात. ती राहिली आहे हे मधली तीन-चार वर्षं कुणीतरी लक्षात ठेवलेलं असतं.

पुढे करायची गोष्ट लक्षात ठेवण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. ती फुकट मिळत नाही. रिबेका स्मिथ यांनी २००३ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की, ‘अमुक शब्द दिसला की तमुक करायचं’ एवढंच मनात धरून ठेवलं, तरी हातातल्या कामाचा वेग मंदावतो. तो शब्द समोर आलेला नसतानाही मंदावतो. गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत वाचत बसल्यासारखं आहे हे. दूध उतू गेलं नाही तरी पुस्तकातलं पान पुढे सरकत नाही. त्यात आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातलं काम करताना गोष्टी तात्पुरत्या मनात धरणारी स्मृती, एका वेळी जेमतेम चार गोष्टी धरू शकते, असा नेल्सन कोवन यांचा २००१ चा अंदाज आहे. काहीच न करता संध्याकाळी थकवा का येतो, असं विचारणाऱ्या आईला हे उत्तर दाखवावं. ती दिवसभर काम करतच होती.

‘बायकांना एका वेळी दहा गोष्टी जमतात, त्यांचा मेंदूच तसा असतो’ हे कौतुक आपण नेहमी ऐकतो. जर्मनीत २०१९ मध्ये ४८ स्त्रिया आणि ४८ पुरुषांची अशी कामं देऊन चाचणी झाली. एका वेळी दोन कामं करताना किंवा एकावरून दुसऱ्यावर उडी मारताना दोघांचीही कामगिरी सारखीच घसरली. बायकांना ते जास्त जमतं असं नव्हे, त्यांना ते जास्त करावं लागतं.

मग करायचं काय? काही उपायांना चांगला आधार आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम मनात घुसत राहतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की ते पूर्ण होण्याआधीच मन मोकळं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर प्रयोग झाला. निजण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. तेव्हा ‘दवाखाना’ एवढंच लिहू नये, ‘शनिवारी ११ वाजता, फाइल घेऊन’ असं लिहावं.

पण यादी कितीही चांगली असली तरी ती करणारी आईच राहिली, तर पहिला टप्पा तिच्याकडेच राहतो. ‘सांग ना, मी करतो’ हे वाक्य मनापासून म्हटलेलं असतं, तरीही त्यात ओळखणं, आठवण ठेवणं आणि नंतर विचारणं तिच्याच वाट्याला येतं. म्हणून काम द्यायचं तर अख्खं द्यावं. डबा म्हणजे फक्त भरणं नाही. उद्या काय, भाजी आहे का, मुलीने परवा काय परत आणलं, सगळं त्यातच आलं. सुरुवातीला चुका होतील. एखाद्या दिवशी डबा घरीच राहील आणि तेव्हा आईला गप्प बसणं कठीण जाईल. तिथे तिने पुन्हा सूत्रं हातात घेतली तर ओझं परत येतं.

पुरुषांना हे उपजत सुचत नाही, या समजुतीलाही छेद देणारं संशोधन आहे. इस्राएलमध्ये एयाल अब्राहम आणि रूथ फेल्डमन यांनी ८९ नव्या पालकांचे मेंदू तपासले (२०१४). मुख्य सांभाळ स्वतः करणाऱ्या वडिलांच्या मेंदूत भावना आणि सावधपणाशी निगडित अमिग्डाला आयांइतकाच सक्रिय दिसला. प्रत्यक्ष सांभाळात वडिलांचा जितका वेळ गेला, तितकी या भागाची सामाजिक आकलनाच्या भागाशी जोडणी घट्ट होती. बाळाची चाहूल घेणं करता करता येतं.

ज्या घरात दुसरा पालक नाही किंवा रात्रपाळीला असतो, तिथे हा सल्ला अपुरा आहे. तिथे आजी, शेजारीण, पाळणाघर हाच आधार. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने बंधनकारक केलं. ते आपल्या ऑफिसात आहे का, हे विचारायला हवं. आणि झोप उडाली, कशातच मन लागेना, जगावंसं वाटेना, अशी स्थिती असेल तर ती याद्यांनी सुटणारी नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ज्यांच्या घरी दोघं आहेत, त्यांनी या आठवड्यात शाळेत जाऊन संपर्काचा पहिला क्रमांक वडिलांचा करून घ्यावा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच असावेत. पांढऱ्या कपड्यांचा निरोप मग थेट त्यांच्याकडे जाईल.