पार्श्वभूमी: गोळीचा अंमल मोजायचा कोणी?

पार्किन्सन्सवरची लेव्होडोपा ही गोळी १९६०च्या दशकाअखेर वापरात आली. सत्तरच्या दशकातच दिसू लागलं, की काही वर्षांनी तिचा अंमल पुढच्या गोळीआधीच उतरतो. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. अंमल असेल तेव्हा ‘ऑन’, तो उतरून शरीर आखडतं तेव्हा ‘ऑफ’; पार्किन्सन्स असलेल्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे चढउतार मोजायची डायरी २०००मध्ये आली. दर अर्ध्या तासाला एक चौकट, दिवसाच्या ४८. झोप, ऑफ, ऑन, त्रास न देणाऱ्या अनैच्छिक हालचालींसह ऑन किंवा त्रासदायक हालचालींसह ऑन, यांपैकी एकावर खूण करायची. ऑफमध्ये बोटं आखडलेली असताना पेन धरायचं कसं? मग रात्री आठवून, घरच्यांना विचारून चौकटी भरल्या जातात. तरी औषधांच्या चाचण्यांत हीच डायरी प्रमाण ठरली.

मेलबर्नमध्ये घडलेल्या मनगटी यंत्राचे निष्कर्ष २०१२मध्ये छापून आले. लक्षणं जास्त असलेल्या बाजूच्या मनगटावर ते काही दिवस बांधायचं. गोळीच्या वेळी ते थरथरतं. दर दोन मिनिटांच्या हालचालींवरून मंदपणा आणि अनैच्छिक हालचालींचे आकडे निघतात. आलेखावर गोळीची वेळ उभ्या लाल रेघेने दिसते. आठच्या रेघेनंतर तासभर मंदपणा हललाच नाही, तर गोळी नाश्त्यातल्या प्रथिनांमुळे अडली का, असा नेमका प्रश्न डॉक्टरांना विचारता येतो.

पण यंत्र बरोबर हे ठरवायचं कशावरून? ताडून पाहायला पुन्हा डायरीच. दोन्हींचं जुळलं नाही की शंका आधी यंत्रावर, आणि हे मला पटत नाही, कारण आठवून भरलेली चौकट त्याहून पक्की कशी मानायची? अर्थात ऑफमधली घालमेल, घाम, दुखणं मनगटाला कळत नाही, आणि हात मांडीवर ठेवून निवांत टीव्ही पाहणारा माणूस त्याला मंद वाटू शकतो. यंत्राची ही मर्यादा खरीच आहे.

जानेवारी २०२३मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अशा पाच यंत्रांची सशर्त शिफारस झाली: वापरा, पण पुरावा जमवत राहा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लेव्होडोपा चोवीस तास त्वचेखाली सोडणाऱ्या पंपाला मंजुरी मिळाली. त्याच्या मुख्य चाचणीतला निकालही अर्ध्या तासाच्या चौकटींवरूनच ठरला होता.