अतिवृष्टीचं अनुदान वेगळं, पीकविमा वेगळा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा फुगल्या आणि धाराशिव, बीड, लातूरकडचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पुढं खात्यात पैसे पडल्याचा मेसेज आला की पारावर एकच प्रश्न: "हे अनुदान का विमा?" बरेच जण "काहीतरी पडलं ना" म्हणून विषय सोडून देतात. पण अनुदान मिळालं म्हणून विम्यावरचा हक्क संपत नाही, आणि विमा मिळाला म्हणून अनुदान थांबत नाही.

अनुदान म्हणजे सरकारी मदत. विम्याचा एक रुपया भरलेला नसला तरी ती मिळते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर नाव यादीत जातं. आपत्ती निधीच्या निकषांनुसार कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. मर्यादा २ हेक्टरची. २०२५ च्या पुरासाठी राज्यानं ती ३ हेक्टर केली. ४० टक्के पीक गेलं काय अन् सगळं गेलं काय, दर तोच. मात्र ही मदत पिकापुरती नाही. नदीनं जमीन खरडून नेली तर हेक्टरी ४७,००० आणि दुभतं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये याच निकषांत आहेत. पीकविम्यात जमीन आणि जनावर बसतच नाही.

विमा हा करार आहे. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात तो एका रुपयात निघायचा. खरीप २०२५ पासून पुन्हा सोयाबीन-तुरीला विमा रकमेच्या (म्हणजे हेक्टरी जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या भरपाईच्या) २ टक्क्यांपर्यंत, कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्याला भरावा लागतो. त्याच हंगामापासून आणखी एक मोठा बदल झाला, आणि गोंधळ तिथंच जास्त आहे. पूर्वी शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवायचं आणि त्या शेताचं नुकसान वेगळं धरलं जायचं. राज्यानं ते काढलं. तेव्हापासून भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावरून, आणि तीही अख्ख्या महसूल मंडळाची (काही गावांच्या गटाची) एकत्र. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा उंबरठा हेक्टरी १,००० किलो आला, कापणीत मंडळाची सरासरी ६०० किलो निघाली, तर तूट ४० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी २०,००० रुपये, मंडळातल्या त्या पिकाच्या प्रत्येक विमाधारकाला.

आता याची दुसरी बाजू बघा. नदीकाठच्या माणसाचं सगळं वाहून गेलं, पण मंडळातली माळाची रानं तगली आणि सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, तर त्याला विम्याचा छदामही नाही. हे मला मुळीच न्याय्य वाटत नाही. अशा माणसाला आधार उरतो तो अनुदानाचाच, म्हणून पंचनाम्याच्या दिवशी त्यानं शेतात हजर राहायलाच हवं. तलाठ्यानं पंचनामा केला म्हणजे विमाही मिळेल, ही समजूत मात्र सोडावी.

कापणीचे आकडे गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून विमा साधारण मागून येतो. अनुदानाच्या यादीत नाव नसेल तर तलाठी आणि तहसील; नाव आहे पण फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) नसेल तर यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसी. विमा अडला असेल तर हप्त्याची पावती घेऊन तालुका कृषी कार्यालय गाठा आणि आपल्या मंडळाचं उंबरठा उत्पादन किती, कापणीत किती निघालं, हे दोन आकडे लेखी मागा.