शिंगरावर पहिलं पोरगंच बसवायचं?

आपल्या सोलापूरकडे, अकलूजच्या घोडेबाजारात तर हमखास, एक सल्ला मिळतो: शिंगरू कोवळं, पोरगं हलकं, मग पहिल्यांदा त्यालाच बसवा. अहो, साफ चुकीचं आहे हे! वजन कमी हे खरं, आणि घोड्याचे मणके पक्के व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात हेही खरं, पण पोराचा तोल गेला की ते लगामालाच लोंबकळतं, जबड्याला हिसका बसतो, टाचा बरगड्यात रुततात आणि बावरलेलं जनावर उधळतं. आधी जमिनीवरून शिकवा, रिकाम्या खोगिराची सवय करा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका, कान मागे पाडले की थांबा. मग हलक्या अंगाचा जाणता स्वार. पोरगं त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, हेल्मेट घालून, दोरी मोठ्या माणसाच्या हातात, तेही घोडं फक्त चालत असताना.