वादी रम आणि तेथील बेदुइन मुक्काम

वादी रम हा जॉर्डनच्या दक्षिणेकडील वाळवंटी प्रदेश अकाबा बंदराच्या पूर्वेस सुमारे ६० किमी. अंतरावर आहे. लाल वाळू आणि तिच्यातून सरळसोट उठलेले वालुकाश्माचे कडे ही त्याची ओळख. जबल रम येथील प्रसिद्ध डोंगर, पण सौदी सीमेलगतचा जबल उम्म अद्दामी (१,८५४ मी.) त्याहून उंच असून ते देशातील सर्वोच्च शिखर होय. २०११ मध्ये निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर वादी रमचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

इथे माणूस टिकला तो झऱ्यांमुळे. पावसाचे पाणी सच्छिद्र वालुकाश्मात मुरते, खालच्या ग्रॅनाइटवर अडते आणि कड्यांच्या पायथ्याशी पाझरते. या पाण्याच्या आधाराने काफिले थांबले, नबातियन या प्राचीन अरब लोकांनी मंदिर बांधले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांनी खडकांवर सुमारे २०,००० लेख व २५,००० चित्रे कोरून ठेवली. खझाली घळीत ती सहज पाहता येतात. १९१७ मध्ये तुर्की सत्तेविरुद्धच्या अरब उठावात टी. ई. लॉरेन्स हा ब्रिटिश अधिकारी या भागात वावरला. पर्यटनाच्या जाहिराती त्याच्याच नावाने चालतात, मात्र पाणवठे आणि वाटा ज्यांना ठाऊक होत्या ते बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब पशुपालक, त्यांत क्वचितच दिसतात.

बेदुइनांचे पारंपरिक घर म्हणजे ‘बैत अश-शअर’, शेळीच्या काळ्या केसांचा तंबू. केस कातणे, जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर लांब पट्टे विणणे आणि ते एकमेकांना शिवणे हे सारे काम स्त्रियांचे. वीण सैल असल्याने उन्हाळ्यात हवा खेळते व चुलीचा धूर बाहेर पडतो. पावसात धागे फुगतात आणि छिद्रे मिटतात. धनगराच्या घोंगडीचा गुण ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. एखादा पट्टा झिजला तर तेवढाच बदलतात. विणलेल्या पडद्याने तंबूचे दोन भाग होतात: एकीकडे पाहुण्यांची, पुरुषांची बैठक आणि दुसरीकडे स्त्रिया, मुले व स्वयंपाक.

बैठकीच्या मध्यभागी विस्तव असतो आणि त्यावर कॉफी. हलक्या भाजलेल्या बिया लाकडी उखळात ठेक्यात कुटतात. तो आवाज आसपासच्या तंबूंना आमंत्रणासारखा असतो. वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची कॉफी ‘दल्ला’ या लांब चोचीच्या भांड्यातून बिनकानाच्या लहान कपात ओतली जाते, तीही तळाशी घोटभरच. कप काठोकाठ भरणे म्हणजे ‘प्या आणि निघा’. पुरे झाले की कप डावी-उजवीकडे हलवायचा. तसे न केल्यास यजमान ओततच राहतो. साखर हवी असलेल्यांसाठी चहा असतो, तोही सढळ हाताने गोड केलेला.

रात्रीच्या जेवणात ‘झर्ब’ असतो. वाळूतल्या खड्ड्यात निखारे ठेवून त्यांवर मांस, बटाटे, गाजर, कांदे रचलेली जाळीची मांडणी उतरवतात. झाकण आणि कांबळी घालून वर वाळू लोटतात. दोनेक तासांनी वाळू बाजूला सारली की मांस हाडावरून सुटून येते. जेवणानंतर रबाब हे एकतारी वाद्य निघते.

पर्यटकांसाठीचा हा बेदुइन मुक्काम अस्सल आहे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आज झलाबिया जमातीचे बहुतेक लोक रम गावात सिमेंटच्या घरांत राहतात, मुले शाळेत जातात, आणि उंटाची जागा पिकअप गाडीने घेतली आहे. काही छावण्यांत काळ्या तंबूंशेजारी पारदर्शक घुमटही उभे राहिले आहेत. शेळ्या राखणे, पाण्यासाठी जागा बदलणे ही कष्टाची बाजू पाहुण्याला सहसा दिसत नाही. त्याच्या वाट्याला येते ते आतिथ्य. ते मात्र देखाव्यासाठी शोधून काढलेले नाही. वाळवंटात दारी आलेल्याला आसरा नाकारणे ही तिथे नामुष्की मानली जाते, कारण उद्या तीच वेळ आपल्यावर येऊ शकते. पेत्रा हे जॉर्डनमधील प्राचीन नगर आणि वादी रम येथील बेदुइनांच्या सांस्कृतिक परंपरेची युनेस्कोने २००५ मध्ये स्वतंत्र दखल घेतली.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने मुक्कामाला योग्य. थंडीत रात्री कडाक्याच्या असतात. अंग झाकणारे सैल कपडे घालावेत, खाणेपिणे उजव्या हाताने करावे, आणि स्त्रियांचे छायाचित्र परवानगीशिवाय काढू नये.