प्रवाळ जलजीवालय, घरगुती

घरातील काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ पाळण्याची व वाढविण्याची पद्धत. छंदिष्टांच्या बोलण्यात ‘रीफ टँक’ हाच शब्द रूढ आहे. साध्या सागरी टाकीत मासे मुख्य असतात. येथे ते दुय्यम ठरतात आणि पाणी, प्रकाश व प्रवाह यांची सारी बेतणी चुनखडीचा सांगाडा रचणाऱ्या प्राण्यासाठी करावी लागते. दागिन्यातील तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील अंधाऱ्या कपारींत वाढते. त्याचा या छंदाशी संबंध नाही. [→ प्रवाळ].

उगमाविषयी एकमत नाही. लंडनच्या ॲना थिन यांनी १८४६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील टॉर्की येथून प्रवाळ आणून घरी जगविले, म्हणून काही लेखक आरंभ तेथे धरतात. पाण्यात हवा मिसळावी म्हणून चहा निववतात त्या रीतीने ते रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतले जाई. हे काम अर्थात मोलकरणीकडे असे. पुढे थिन यांनी सागरी वनस्पती ठेवून पाहिल्या. त्यांची प्रवाळांविषयीची टिपणे १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र हे प्रवाळ थंड समुद्रातील, एकएकटे वाढणारे व प्रकाशावर न जगणारे होते. प्रवाळ पाळण्याचा पहिला मान त्यांना देता येईल, पण प्रवाळभित्तीचा तुकडा घरात उभा करण्याचा देता येणार नाही.

तो मान बहुधा जाकार्ता येथील ली चिन एंग यांच्याकडे जातो. त्यांनी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात मांडली : समुद्रातून आणलेले जिवंत खडक (जीवाणू व लहान जीव वसलेले दगड), सूर्यप्रकाश आणि हवेचे मोजके बुडबुडे. समुद्र हाताशी असलेल्या गावी हे जमले. इतरत्र नक्कल करणाऱ्यांना फारसे यश आले नसावे. न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रने काताला यांचे जलजीवालय १९५६ पासून प्रवाळ ठेवीत होते, पण ते सार्वजनिक होते व पाणी थेट समुद्रातून येई. अतिनील प्रकाशात प्रवाळ चमकतात हे तेथेच काताला यांच्या ध्यानात आले. आजच्या निळसर एलईडी दिव्यांची हौस याच चमकीसाठी आहे.

पुढचा टप्पा युरोपातील आहे. पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. बर्लिनमधील हौशी मंडळींनी, विशेषतः डीट्रिख श्ट्यूबर यांनी, भरपूर जिवंत खडक, पाण्यातील घाण फेसातून काढणारी जोरदार फेसगाळणी म्हणजे प्रोटीन स्किमर आणि तीव्र दिवे यांची सांगड घातली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत ‘मिनी-रीफ’ची लाट आणली. त्यातील ठिबक गाळणी अमोनिया झटपट संपवी, पण नायट्रेट साचू देई. वॉल्टर एडी यांची शैवलपद्धती व झाँ झोबेर यांची वाळूच्या थराची पद्धती यांनाही अनुयायी लाभले. तरी आजच्या बहुतेक टाक्या बर्लिन पद्धतीच्या वंशातील मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खडकाच्या अंतर्भागात ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, आणि ठिबक गाळणीला नेमके हेच साधत नव्हते.

पाण्याची लवणता दर हजारी सुमारे ३५ व तापमान २४° ते २६° से. ठेवतात. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही एकपेशीय शैवले त्याला प्रकाशातून अन्न पुरवितात. पाणी फार तापले की ती बाहेर पडतात व प्रवाळ पांढरे पडते. सांगाड्यासाठी लिटरमागे ४०० ते ४५० मिग्रॅ. कॅल्शियम आणि ७ ते ११ जर्मन अंश क्षारता (पाण्यातील मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटांचे माप) लागते. नवख्यांचा डोळा कॅल्शियमवर असतो, मुरलेल्यांचा क्षारतेवर. आणि त्याला कारण आहे. सांगाडा बनताना क्षारता एका अंशाने घटते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे केवळ ७ मिग्रॅ. च्या आसपास घटते. ४२० चे ४१३ झालेले घरगुती चाचणीसंचाला सहसा कळत नाही, ८ चे ७ झालेले मात्र लगेच कळते.

ही घट भरून काढण्याचा जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शाळेत नळीने फुंकर मारून दुधाळ करतात तीच ही. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो; उरलेला तळाशी बसू द्यायचा व वरचे नितळ पाणी थेंबथेंब टाकीत सोडायचे. भांडे उघडे राहिले तर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाने वर पातळ साय धरते, तेवढा चुना वाया जातो. निवळी रात्री सोडतात, कारण अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबून पाण्याचे पीएच मूल्य उतरलेले असते आणि निवळी ते वर चढविते. पानाच्या चुन्यात इतर घटक असू शकत असल्याने शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेणे बरे. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याएवढीच निवळी घालता येते. प्रवाळ वाढून ती अपुरी पडली की कॅल्शियमची व क्षारतेची वेगवेगळी द्रावणे किंवा कॅल्शियम रिॲक्टर (कार्बन डाय-ऑक्साइडाने चुनखडी विरघळविणारे उपकरण) वापरतात.

अभिवृद्धी तुकडे करून होते. हाडे कापण्याच्या कात्रीने फांदीचे टोक तोडून ते सिरॅमिकच्या बुटक्या खुंटीवर घट्टसर सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवितात. हा गोंद ओल्या पृष्ठभागावरही धरतो. काही आठवड्यांत ऊती गोंदावर पसरून खुंटी वेढू लागतात. श्ट्यूबर यांच्या टाकीतील ॲक्रोपोरा हे फांद्यांचे प्रवाळ असेच तुकड्यातुकड्यांनी युरोपभर पोहोचले.

झोअँथिड या प्रवाळांच्या नात्यातील, कठीण सांगाडा नसलेल्या प्राण्यांच्या गटातील काही जातींत, मुख्यतः पॅलिथोआ या प्रजातीत, पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. हे प्राणी चिकटलेले खडक उकळल्याने किंवा गरम पाण्यात घासल्याने वाफेतून घरातल्या सर्वांना बाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

सर्व अश्मप्रवाळांचा (दगडी सांगाड्याच्या प्रवाळांचा) आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. भारतात २००१ मध्ये सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. त्यामुळे मालवणच्या पाण्यातून अश्मप्रवाळाची फांदी तोडून टाकीत लावणे हा गुन्हा ठरतो. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथील प्रवाळवसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलविल्या गेल्या, त्यासाठीही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती.